एकाने दुसऱ्याला सांगावे...

पॉडकास्ट, म्हणजे हवा तेव्हा ऐकता येणारा ध्वनिमुद्रित कार्यक्रम, कर्णोपकर्णी कसा पसरतो? समजा, शाळेच्या पॉडकास्टला १०० श्रोते आहेत. दर १० जणांमागे ५ नवे येतात. त्या नव्यांमागेही याच प्रमाणात. मग १००, ५०, २५... या भूमिती श्रेढीची बेरीज २०० च्या पुढे जात नाही. पण ५ ऐवजी ८ आले तर ती ५०० होते आणि ९ आले तर १,०००! १० च्या वर गेल्यास वाढ स्वतःच वेग घेते. साथीच्या रोगाचे गणितही हेच.

हे प्रमाण वाढवावे कसे? जिवलग मित्रांत बातमी तिथल्या तिथेच फिरते. नवी माहिती जुजबी ओळखींतून दूरवर जाते, असे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडले. तेव्हा पुढचा भाग शेजारच्या गावातील शाळेला जरूर कळवा.