नाले साफ झाले. पाणी जाणार कुठे?

जून तोंडावर आला की वसई-विरारमध्ये लोकलच्या डब्यापासून सोसायटीच्या मीटिंगपर्यंत एकच पालुपद सुरू होतं: "नालेसफाई नीट झाली असती, तर पाणी तुंबलंच नसतं." नाले साफ हवेतच. उपसलेला गाळ काठावरच ठेवला की पहिल्याच सरीत परत नाल्यात उतरतो, हेही खरं.

पण नाला तळापर्यंत खरवडून काढला तरी त्यातलं पाणी शेवटी जाणार कुठे? खाडीतच ना! दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, मध्ये सोपाऱ्याची खाडी. त्यांना दिवसातून दोनदा भरती येते. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी नाल्याच्या तोंडाहून वर चढतं आणि नाला वाहायचाच थांबतो. खाडीकाठच्या खाजणात शेती करणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. बांधातल्या उघाडीची झडप भरतीच्या रेट्याने मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. मधल्या काही तासांचा पाऊस शेतातच थांबतो, कारण तिथे थांबायला जागा असते.

शहराने ती जागाच खाल्ली. एका चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० कोटी लिटर पाणी. भातखाचरं, मिठागरं आणि वाड्यांमधली बावखलं (लहान तळी) त्यातलं बरंचसं ओहोटीपर्यंत धरून ठेवत. एकरभर आकाराच्या, दोन मीटर खोल रिकाम्या तळ्यात ८० लाख लिटर मावतं. भराव घालून वर डांबर ओतलं की शून्य. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रूळ बुडाले, लोकल बंद पडल्या. त्यानंतर आयआयटी मुंबई आणि नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या समितीने धारण तलाव सुचवले, ते काय हौस म्हणून? तरी चर्चा आपली गाळाच्या टनांवरच! तलावासाठी जमीन राखून ठेवा म्हटलं, की सगळ्यांना दुसरं काम आठवतं.

बाकीचे समज थोडक्यात. "आमच्या सोसायटीने चार फूट भराव घातला, आम्ही सुटलो." सुटलात, आणि तुमच्या वाटचं पाणी शेजारच्या चाळीत गेलं. "तिवरांमुळे पाणी अडतं." तिवरं लाटांचा आणि वादळाचा जोर मोडतात, उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर त्यांच्या तोडीवर बंदी घातली आहे. "असा पाऊस पन्नास वर्षांतून एकदाच." पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतील रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास सांगतो की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.

आणि हे ठेवणीतलं: "मुंबईचा हवामान कृती आराखडा आहे की!" मार्च २०२२ चा तो आराखडा मुंबई महापालिकेचा, त्याची हद्द दहिसरला संपते. वसई-विरारची महापालिका वेगळी, जिल्हाही पालघर. इथल्या नाल्यांच्या तोंडांची उंची त्यात शोधू नका.