प्लॅन तीनशेचा, तार शंभरची

लहान ऑफिसातले नेटवर्क मंदावले की पहिला फोन इंटरनेट कंपनीला जातो आणि 100 एमबीपीएसचा प्लॅन 300 चा होतो. बिल वाढते, टॅली मात्र पूर्वीइतक्याच आळसाने उघडते. त्यात नवल काही नाही. सीएच्या ऑफिसात आठ संगणक असतील आणि टॅलीचा डेटा त्यांतल्याच एकावर शेअर्ड फोल्डरमध्ये असेल, तर तो इंटरनेटच्या वाटेला जातच नाही. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना त्याला लागतात फक्त तारा आणि मधला स्विच. नेटवर्क प्रिंटरचेही तेच. राउटरमधून बाहेरच्या इंटरनेटची तार काढून ठेवली तरी ही कामे चालू राहतात. प्रयोग दोन मिनिटांचा, तोही फुकट. तरी तो न करता वर्षाचे पैसे आगाऊ भरले जातात!

खरी अडचण पुष्कळदा तारेत असते. नेटवर्कच्या तारेत आठ धागे, म्हणजे चार जोड्या असतात. 100 एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात. गिगाबिटला, म्हणजे 1000 ला, चारही लागतात. आयईईईच्या 1999 च्या 802.3एबी या मानकातच तसे आहे. उरलेल्या दोन जोड्यांतला एखादा धागा जॅकमध्ये नीट क्रिम्प झालेला नसेल, किंवा खुर्चीच्या चाकाखाली येऊन तुटला असेल, तर बहुतेक उपकरणे जोडणी सोडत नाहीत. मुकाट्याने 100 वर उतरतात. दिवा लुकलुकत राहतो, म्हणून तारेवर कोणाचा संशय जात नाही. पण गिगाबिटवर साधारण नऊ-दहा सेकंदांत जाणारी 1 जीबीची फाइल आता 80 सेकंदांहून जास्त घेते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटखाली लिंक स्पीड लिहिलेला असतो. तिथे 1000/1000 ऐवजी 100/100 दिसले, तर जॅक नवा बसवावा. तरीही आकडा हलला नाही, तर स्विच किंवा राउटरचे पोर्टच 100 चे आहेत का ते पाहावे. अशा पोर्टमधून 300 च्या प्लॅनचेही 100 च्या आतच मिळतात.

तार आणि स्विच नीट असूनही टॅली अडत असेल, तर डेटा असलेल्या संगणकात जुनी फिरती हार्ड डिस्क आहे का ते तपासावे. आठ जणांच्या बारीकसारीक मागण्या पुरवताना तिची दमछाक होते. एसएसडी लावल्यावर फरक पडतो.

बाकीचे समज थोडक्यात. वाय-फायच्या सगळ्या कांड्या दिसणे म्हणजे सिग्नल जोरदार, वेग नव्हे. 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11, शेजारच्या गाळ्यांतले राउटरही त्यांच्यावरच गर्दी करतात. कॅट-8 तार घेऊन गिगाबिटच्या स्विचला पंख फुटत नाहीत. 100 मीटरपर्यंत कॅट-5ई पुरते. डीएनएस बदलल्याने फार तर साइटचा पत्ता लवकर सापडतो, फाइल लवकर उतरत नाही. आणि 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 100 एमबी नव्हे, साडेबारा.

व्हिडिओ कॉल अडखळतो, तेव्हा संबंध इंटरनेटशी असू शकतो. पण तिथेही अनेकदा क्लाउड बॅकअप अपलोडची वाट भरून टाकतो आणि कॉलची पाकिटे राउटरच्या रांगेत ताटकळतात. ही रांग आवरण्याची एफक्यू-कोडेल पद्धत 2018 च्या आरएफसी 8290 मध्ये दिलेली आहे. काही राउटरांत ती एसक्यूएम नावाने मिळते. ती नसेल, तर बॅकअप रात्री लावावा.

प्लॅन वाढवण्याआधी गिगाबिट पोर्टचा एक लॅपटॉप चांगल्या तारेने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. पैसे भरले तेवढा वेग तिथे मिळत असेल आणि टेबलावर मिळत नसेल, तर दोष ऑफिसच्या आतच आहे.