उलटी वाहणारी नदी

नदी उताराकडेच वाहते, असं ओमच्या पुस्तकात लिहिलंय आणि ते खरंच आहे. पण कंबोडियात एक नदी दर पावसाळ्यात उलटी फिरते आणि तरीही उताराकडेच वाहत असते. पडलात ना कोड्यात? ऐका तर मग.

त्या देशाच्या मधोमध तोन्ले साप नावाचं सरोवर आहे. त्यातून त्याच नावाची नदी निघते आणि शंभरावर किलोमीटर जाऊन राजधानी नॉम पेन्हपाशी मेकाँगला मिळते. उन्हाळ्यात सरोवर वर, मेकाँग खाली. सगळं शहाण्यासारखं चालतं. जूनच्या सुमाराला तिबेटातलं वितळलेलं बर्फ आणि वाटेतला सगळा पाऊस पोटात घेऊन मेकाँग अशी काही फुगते, की तिची पातळी सरोवराच्याही वर जाते. उतारच फिरला! मग पाणी काय करणार? मुकाट मागे वळतं आणि सरोवरात शिरतं.

उन्हाळ्यात जेमतेम २,५०० चौरस किलोमीटरचं, कसंबसं मीटर-दीड मीटर खोल असलेलं ते सरोवर पसरत पसरत १५,००० चौरस किलोमीटरपर्यंत जातं. खोली आठ-नऊ मीटर होते.

“बाप रे, आजोबा! मग लोक बुडत नाहीत?”

नाही गं सई. काहींची घरं उंच खांबांवर असतात, काहींची चक्क तरंगती. हा पूर त्यांच्या घरी लक्ष्मी घेऊन येतो. मेकाँगमध्ये पावसाच्या तोंडावर मासे अंडी घालतात आणि त्यांची इवलीशी पिल्लं उलट्या प्रवाहाबरोबर सरोवरात येतात. काठची रानं तेव्हा बुडालेली असतात. फांद्यांत लपायला जागा. खायला शेवाळ, किडे, फळं. आपल्या कोकणात पहिल्या पावसाला चढणीचे मासे भातखाचरांत शिरतात ना, तसंच हे; फक्त खाचर अख्ख्या जिल्ह्याएवढं!

शेतकऱ्याचंही भलं होतं. तिथल्या भाताच्या काही जुन्या जाती पाण्याबरोबर उंच होतात, कधी दिवसाला वीतभर, म्हणजे लोंबी पाण्यावरच राहते. आणि पूर ओसरला की मागे राहिलेल्या गाळात दुसरा भात लावतात.

पावसाळा सरला की नदी पुन्हा वळते. नोव्हेंबरात नॉम पेन्हला होड्यांच्या शर्यती लागतात. मासे मेकाँगकडे निघतात आणि नदीत पिशवीसारखी लांबलचक जाळी रांगेनं बांधलेली असतात. सगळ्यात मोठा लोंढा बहुधा जानेवारीत, पौर्णिमेच्या आधीच्या दिवसांत. पूर्वी शेतकरी बैलगाड्यांत भात भरून काठावर येत, भाताच्या बदल्यात मासे घेत आणि ते खारवून, आंबवून वर्षभराचा ‘प्राहोक’ घालून ठेवत.

आता ओम विचारेल, हल्ली तिथे कपड्यांचे एवढे कारखाने झाले, मग माशांची काय मातब्बरी? शेती, मासेमारी आणि जंगल मिळून देशाच्या उत्पन्नाचा साधारण पाचवा हिस्सा देतात, असं हिशेबाची वही सांगते. पण घरच्या जाळ्यात आला आणि घरच्याच चुलीवर शिजला, तो मासा त्या वहीत नीट उतरतो कुठे? तिथल्या माणसाला प्राण्यांपासून मिळणाऱ्या प्रथिनांतली निम्म्याहून जास्त मासेच देतात.

मेकाँगवर वरच्या अंगाला चीन आणि लाओसनं धरणं बांधली आहेत. विजेसाठी पावसाळ्यात पाणी अडवायचं, उन्हाळ्यात सोडायचं.

“मग बरंच की! पूरही कमी, टंचाईही कमी.”

तसं वाटतं खरं. पण पूर कमी चढला की रान कमी बुडतं आणि पिल्लांचा चारा घटतो. उन्हाळ्यात पाणी उतरलंच नाही, तर काठची झाडं बारमाही पाण्यात कुजून मरतात. २०१९ आणि २०२० साली तर पाऊसही रुसला आणि नदी फार उशिरा उलटी फिरली. पाण्याचा चढ-उतार हेच या देशाचं भांडवल आहे, पोरांनो. ते सपाट केलं, तर मासा आणि भात हे त्याचं व्याज यायचं कुठून?