अनेक गुणधर्मांनुसार क्रमवारी

संगणकाच्या आज्ञावलीत सरणीमध्ये, म्हणजेच ॲरेमध्ये, साठवलेल्या ऑब्जेक्टांची मांडणी दोन किंवा अधिक गुणधर्मांच्या आधारे करणे, यास अनेक गुणधर्मांनुसार क्रमवारी लावणे असे म्हणतात. ऑब्जेक्ट म्हणजे एकाच नोंदीची निरनिराळी माहिती एकत्र बांधून ठेवणारी रचना होय. विद्यार्थ्याच्या नोंदीत नाव, तुकडी आणि गुण हे तिचे गुणधर्म असतात. अशा क्रमवारीत पहिला गुणधर्म मुख्य मानला जातो. पहिल्यात बरोबरी झाली तरच दुसऱ्याचा विचार होतो, आणि दुसऱ्यातही बरोबरी झाली तर तिसऱ्याचा. शब्दकोशातील शब्द याच रीतीने लावलेले असल्यामुळे गणितात या क्रमाचे नावही शब्दकोशावरूनच पडले आहे.

निकषांचा अग्रक्रम

पॅरिस येथे २०२४ साली झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेची पदकतालिका हे याचे परिचित उदाहरण होय. तिच्यात सुवर्ण, रौप्य व कांस्य पदकांची संख्या हे अनुक्रमे तीन निकष असून तिन्ही उतरत्या क्रमाने घेतले जातात. अमेरिका आणि चीन या दोन्ही देशांना प्रत्येकी ४० सुवर्णपदके मिळाली. अमेरिकेची रौप्यपदके ४४ व चीनची २७ असल्यामुळे अमेरिकेस पहिले स्थान मिळाले. कांस्यपदके पाहण्याची वेळच आली नाही. याच तालिकेत भारत १ रौप्य व ५ कांस्य अशी ६ पदके मिळवूनही केवळ १ सुवर्णपदक मिळवणाऱ्या पाकिस्तानच्या खाली आहे. एकूण पदके हा पहिला निकष धरल्यास या दोन देशांचा क्रम उलटतो. नोंदी त्याच आणि आकडेही तेच. बदलतो तो निकषांचा अग्रक्रम. कोणता निकष आधी घ्यावा हे संगणक ठरवू शकत नाही. तो निर्णय यादी करणाऱ्याचा असतो, आणि प्रवेशाच्या किंवा निवडीच्या यादीत तो आधीच जाहीर केलेला असणे न्याय्य ठरते.

सर्व निकषांना भार देऊन त्यांची बेरीज करणे ही निराळी पद्धत आहे. सुवर्णास ३, रौप्यास २ व कांस्यास १ गुण दिल्यास भारताचे ७ गुण होतात व पाकिस्तानचे ३. या दोन पद्धतींची गल्लत करू नये.

तुलना करणारे फंक्शन

बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत क्रमवारीच्या आज्ञेला तुलना करणारे एक फंक्शन पुरवता येते. ते दोन ऑब्जेक्ट घेते आणि पहिला आधी यावयाचा असल्यास ऋण, नंतर यावयाचा असल्यास धन व दोन्ही समान असल्यास शून्य संख्या परत करते. पहिल्या गुणधर्माच्या तुलनेतून शून्य आले तरच ते पुढच्या गुणधर्माकडे वळते. एक गुणधर्म उतरत्या व दुसरा चढत्या क्रमाने हवा असेल, तर उतरत्या गुणधर्मापुरती वजाबाकीची दिशा उलट करणे पुरेसे असते.

ऋण, शून्य व धन यांऐवजी ‘मोठा आहे की नाही’ एवढेच उत्तर परत करणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक होय; त्यात ‘समान’ आणि ‘लहान’ यांतील भेद नाहीसा होतो. अंक मजकूर म्हणून साठवलेले असतील तर १० हा आकडा ९ च्या आधी लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

स्थिर क्रमवारी

समान ठरलेल्या नोंदींचा मूळ क्रम जी क्रमवारी बिघडवत नाही, तिला स्थिर क्रमवारी म्हणतात. ती उपलब्ध असल्यास आणखी एक मार्ग खुला होतो: सर्वांत गौण निकषापासून आरंभ करून एकेका निकषानुसार स्वतंत्रपणे क्रमवारी लावत जावे आणि मुख्य निकष अखेरीस घ्यावा. हे प्रथमदर्शनी उलटे वाटते. परंतु छिद्रे पाडलेल्या कार्डांची वर्गवारी करणारी यंत्रे एका फेरीत एकच रकाना पाहू शकत, म्हणून तेथे उजवीकडच्या शेवटच्या रकान्यापासूनच सुरुवात करीत.

जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ साली मांडलेली विलीनीकरणाची पद्धत स्थिर स्वरूपात वापरता येते. टिम पीटर्स यांनी २००२ साली पायथॉन भाषेसाठी तयार केलेली टिमसॉर्ट ही पद्धतही स्थिर आहे. जावास्क्रिप्टमध्ये मात्र स्थिरता बंधनकारक झाली ती २०१९ च्या प्रमाणकापासून. त्यापूर्वी क्रोम या ब्राउझरच्या जुन्या आवृत्त्यांत दहा घटकांपर्यंतची सरणी स्थिर राही, त्याहून मोठी राहीलच अशी शाश्वती नसे. परिणामी चार-सहा नोंदींवर तपासून बिनचूक वाटलेली आज्ञावली प्रत्यक्षातील मोठ्या यादीत चुके, आणि असा दोष हुडकणे जिकिरीचे असे.

मराठी नावांची क्रमवारी

बरोबरी सोडवण्यासाठी अखेरचा निकष म्हणून बहुधा नाव घेतले जाते. मराठीत येथे एक अडचण उद्भवते. युनिकोडमध्ये ‘ळ’ या वर्णाचा क्रमांक ‘ल’ नंतर लगेच येतो, तर मराठी वर्णमालेत ‘ळ’ चे स्थान ‘ह’ नंतर आहे. केवळ क्रमांकांची तुलना केल्यास ‘काळे’ हे आडनाव ‘कावळे’च्या आधी लागते, वर्णमालेनुसार ‘कावळे’ आधी यावयास हवे. वर्णमालेच्या तक्त्यात अखेरीस येणारे ‘क्ष’ व ‘ज्ञ’ हेही अशा तुलनेत ‘क’ व ‘ज’ यांच्या गटात जाऊन बसतात. त्यामुळे मराठी नावांसाठी साध्या तुलनेऐवजी भाषेचे नियम जाणणारी तुलना वापरावी. आजच्या बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत तशी सोय उपलब्ध असते.