गाडीच्या मीटरचे दिवे

मोटारीचा पुढचा मोठा दिवा गेला, तर लगेच ध्यानात येते. रस्ता दिसेनासा होतो. पण चालकाच्या समोर, मीटरच्या पाठीमागे, हरभऱ्याएवढे बारके दिवे असतात. त्यांतला एखादा गेला तर महिनोन् महिने कोणी चौकशी करीत नाही. ‘चालतंय तोवर चालू द्या,’ असे म्हणतात. हे बरे नव्हे. का, ते आता पाहू.

अँबॅसडर गाडी तयार होणे २०१४ साली थांबले. मुंबईची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. तरी जुन्या मोटारी आणि जीपा कोणी ना कोणी अजून जपून चालवतो. अशा गाड्यांच्या मीटरमध्ये तारेचे बल्ब असतात. काचेच्या आत केसासारखी बारीक तार असते. वीज आली की ती तापते व उजेड देते. तापून तापून आणि गाडीचे धक्के खाऊन ती झिजते व एक दिवस तुटते. यालाच आपण बल्ब उडाला म्हणतो.

हे दिवे दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार उजेडाचा. रात्री वेगाचा काटा व पेट्रोलचा काटा दिसावा म्हणून हे लागतात. दुसरा प्रकार इशाऱ्याचा. बॅटरी भरत नसेल तर एक दिवा लागतो. इंजिनात ऑईलचा दाब कमी झाला तर दुसरा लागतो. उजेडाचा दिवा गेला तर गैरसोय होते. इशाऱ्याचा दिवा गेला तर मात्र घात होतो.

तो कसा? समजा, ऑईलच्या दिव्याचा बल्ब उडाला आहे. वाटेत ऑईल गळून गेले. दिवा लागायला हवा होता, पण लागणार कसा? चालक म्हणतो, ‘दिवा नाही, म्हणजे सगळं ठीक.’ इकडे आत लोखंडावर लोखंड घासते आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होते. काही रुपयांच्या बल्बापायी हजारोंचा खर्च अंगावर येतो. मुका राखणदार आणि निर्धास्त राखणदार बाहेरून सारखेच दिसतात!

म्हणून रोज सकाळी एक गोष्ट करा. किल्ली फिरवा, पण इंजिन लगेच चालू करू नका. बॅटरीचा व ऑईलचा, दोन्ही दिवे लागले पाहिजेत. मग इंजिन चालू करा. आता दोन्ही विझले पाहिजेत. आधी लागलेच नाहीत, तर बल्ब किंवा त्याची तार तपासा. ऑईलचा दिवा विझला नाही किंवा चालत्या गाडीत लागला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करा.

आता बल्ब बदलायचा कसा, ते पाहा. सगळेच दिवे एकदम गेले असतील, तर दोष बहुधा बल्बांचा नसतो. आधी फ्यूज पाहा. एकच गेला असेल, तर बल्ब पाहा.

पहिले काम बॅटरीचे. बॅटरीच्या ज्या टोकाची तार गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते, ते टोक आधी सोडवा. म्हणजे पाना चुकून कुठे टेकला तरी ठिणगी उडणार नाही. मग मीटरच्या मागे हात घाला. हात पुरत नसेल तर स्क्रू काढून मीटर थोडे पुढे घ्या. ओढाताण करू नका. वेगाच्या काट्याची केबल मागे जोडलेली असते. काही गाड्यांत ऑईलची बारीक नळीही असते. ती मोडली तर ऑईल बाहेर येते.

बल्बाचा होल्डर हळूच बाहेर काढा. बल्बाला पितळी बूड असेल, तर तो आत दाबून डावीकडे फिरवा. बूड नुसते काचेचे असेल, तर सरळ ओढा. काच काळी पडली असेल किंवा आतली तार तुटली असेल, तर बल्ब गेला असे समजा. तार शाबूत दिसली, तर होल्डरमधला गंज पॉलिश पेपरने हलके घासून काढा व पुन्हा लावून पाहा.

जुना बल्ब बरोबर घेऊन दुकानात जा. त्याच्या बुडावर बारीक इंग्रजी आकडे असतात. ते वाचा. पुष्कळ गाड्यांत १२ व्होल्ट असतात. काही फार जुन्या जीपांत ६ असतात, ट्रकांत २४ असतात. व्होल्ट आणि वॅट दोन्ही जुळले पाहिजेत. जास्त उजेडाच्या लोभाने मोठ्या वॅटचा बल्ब घालू नका. तो तापतो आणि प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो.

आजकाल एलईडी दिवे मिळतात. ते उजेडासाठी चालतात. उलटे बसले तर लागत नाहीत. तेव्हा फिरवून लावा. पण बॅटरीच्या दिव्याच्या जागी तारेचाच बल्ब ठेवा. आल्टरनेटर असलेल्या पुष्कळ गाड्यांत या बल्बातून जाणाऱ्या विजेनेच आल्टरनेटर जागा होतो. एलईडीतून तेवढी वीज जात नाही. मग बॅटरी भरत नाही आणि गाडी अडून बसते.

नवा बल्ब बसवला की मीटर बंद करण्याआधी बॅटरी जोडून दिवे लागतात का ते पाहा. नवा बल्बही लागला नाही, तर दोष तारेत किंवा दाब ओळखणाऱ्या खटक्यात आहे. तेव्हा मिस्त्रीला दाखवा.

दिवा विझलेला पाहून आनंद मानू नका. तो आधी लागला होता ना, हे पाहा. मग खुशाल गाडी काढा.