पदवीनंतरचा फाटा

१९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत बीडचे उच्च शिक्षण हैदराबादेच्या उस्मानिया विद्यापीठाच्या अखत्यारीत असे. आज ती वाट आखूड झाली असली, तरी पदवीनंतरचा फाटा निवडताना तलाठीपदास कोणत्याही शाखेची पदवी पुरते आणि महाविद्यालयीन अध्यापकीस मात्र पदव्युत्तर पदवीवर नेट, सेट वा पीएच्.डी. लागते, हा हिशेब ज्याचा त्यानेच मांडावयाचा असतो. त्याची खरी मेख ऊसतोड कुटुंबातील पदवीधराच्या घरात असते: दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल फेडावयास आईबाप कोयता घेऊन उसाच्या फडावर निघतात, तेव्हा एम. ए.च्या पहिल्या सत्राची परीक्षा तोंडावर आलेली असते, आणि शेरडे, म्हातारी आजी व धाकटी भावंडे यांचा कारभार (बिनपगारी नेमणूकच ती!) त्या पदवीधराच्याच गळ्यात पडतो.