स्वराचा पत्ता : मिडीचे पोर्ट आणि चॅनेल

स्नेहसंमेलनाची तालीम चालू आहे. कीबोर्ड संगणकाला जोडला आहे आणि संगणकात वाद्यांचे आवाज निर्माण करणारे सॉफ्टवेअर आहे. पट्टी दाबली, पण आवाज नाही! अशा वेळी आपण तारा हलवतो, स्पीकर तपासतो. दोष मात्र पुष्कळदा पत्त्यात असतो.

मिडी ही १९८३ मध्ये ठरलेली, इलेक्ट्रॉनिक वाद्यांची सामाईक भाषा. तिच्या तारेतून आवाज जात नाही, आकडे जातात. मधल्या सप्तकातील पांढरी एक दाबली की समजा १४४, ६०, १०० असे तीन आकडे निघतात. ६० हा स्वराचा क्रमांक. १०० हा आघाताचा जोर. १४४ या आकड्यात ‘स्वर सुरू कर’ ही आज्ञा आणि चॅनेल १ असे दोन्ही सामावलेले आहे. चॅनेल २ साठी १४५, याप्रमाणे चॅनेल १६ साठी १५९. १६० पासून वेगळी आज्ञा सुरू होते, म्हणून चॅनेल सोळाच.

मग पोर्ट म्हणजे काय? अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेचे डावा आणि उजवा असे दोन कालवे आहेत. पोर्ट म्हणजे असा कालवा आणि चॅनेल म्हणजे त्यावरील चारीचा क्रमांक. दोन्ही कालव्यांवर ‘चारी ३’ असू शकते. तसेच दोन पोर्ट घेतले की ३२ चॅनेल मिळतात. उपमेला मर्यादा आहे. पाणी एका चारीत वळले की पुढे जात नाही. मिडीचा संदेश मात्र पोर्टवरील सर्वांपर्यंत पोहोचतो आणि ज्याचा क्रमांक जुळतो तोच वाजतो.

महत्त्वाचा फरक असा, की चॅनेल संदेशातच लिहिलेला असतो, पोर्ट नसतो. पोर्ट हा केवळ मार्ग आहे. सॉफ्टवेअरमध्ये तो प्रत्यक्ष खाचेशिवायही असू शकतो, पण निवडावा लागतोच.

यावरून दोष शोधता येतो. पट्टी दाबल्यावर सॉफ्टवेअरमधील मिडीचा दिवा लुकलुकत नसेल, तर प्रथम पोर्टची निवड पाहावी. लुकलुकत असूनही वाद्य गप्प असेल, तर चॅनेल पाहावा. तो जुळत असेल, तरच स्पीकरकडे वळावे.

वर्गात एक प्रयोग करून पाहू. १९९१ च्या ‘जनरल मिडी’ संकेतानुसार चॅनेल १० तालवाद्यांसाठी राखीव आहे. हा संकेत पाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कीबोर्डचा चॅनेल १० करून तीच पांढरी एक दाबावी. स्वराऐवजी बोंगो वाजेल. ६० हा आकडा तोच. बदलला फक्त पत्ता.